आंतरराष्ट्रीय राजकारण आणि लष्करी घडामोडींचा ऑनलाइन अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला बहुतेक वेळा एमएचे आणि स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी विचारतात, अधूनमधून एखादे निवृत्त सुभेदारसाहेबही विचारतात. उत्तरं फोनवर सांगताना नेहमी काहीतरी राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिली आहेत.

सुरुवात कुठून करू? गूगल केलं की नुसत्या बातम्याच येतात.

सुरुवात बातमीपासूनच करा, पण तिथे थांबू नका. परराष्ट्र किंवा संरक्षण विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक बातमीच्या पोटात एक कागद असतो. तो ठराव असेल, करार असेल, संसदेतलं लेखी उत्तर असेल किंवा एखाद्या संस्थेचा अहवाल. तो कागद कोणाचा आणि कोणत्या तारखेचा एवढं बातमीतून टिपून घ्या आणि ज्याचा कागद त्याच्याच साइटवर जाऊन तो उघडा.

यासाठी गूगलचं ‘अ‍ॅडव्हान्स्ड सर्च’ हे पान वापरायची सवय लावून घ्या. त्यात एका रकान्यात साइटचा पत्ता टाकता येतो आणि दुसऱ्यात फाइलचा प्रकार निवडता येतो. परराष्ट्र मंत्रालयाची साइट आणि पीडीएफ असं निवडून शोध घेतला की चॅनेलवरची चर्चा बाजूला पडते आणि मूळ निवेदनं हाती लागतात.

प्रत्येक ठिकाणी संरक्षण खर्चाचा आकडा वेगळा का दिसतो? खरा कोणता धरायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि यातच खरा अभ्यास आहे. भारताचंच उदाहरण घ्या. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६.२१ लाख कोटी रुपयांची तरतूद होती. त्यावेळच्या दरानं त्याचे पंचाहत्तर अब्ज डॉलरही होत नाहीत. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था मात्र २०२४ साठी भारताचा लष्करी खर्च ८६.१ अब्ज डॉलर दाखवते. म्हणजे कोणीतरी खोटं बोलतंय, असं नाही. सिप्री आर्थिक वर्षाऐवजी कॅलेंडर वर्ष धरते. शिवाय सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, आसाम रायफल्स, भारत-तिबेट सीमा पोलीस अशा निमलष्करी दलांवरचा खर्चही ती मोजते, आणि आपल्याकडे हा पैसा गृह मंत्रालयाच्या खात्यातून जातो. काय मोजलं ते बदललं, म्हणून आकडा बदलला.

चीनच्या बाबतीत ही तफावत फार मोठी आहे. चीननं २०२४ साठी जाहीर केलेला आकडा सुमारे १.६७ लाख कोटी युआन होता, म्हणजे साधारण २३० अब्ज डॉलर. सिप्रीचा अंदाज आहे ३१४ अब्ज डॉलर. जाहीर अंदाजपत्रकात न दिसणारे लष्करी खर्च सिप्री आपल्या हिशेबात धरते, म्हणून हा फरक पडतो.

त्यामुळे ‘खरा आकडा कोणता’ असं विचारण्याआधी ‘यात काय काय धरलंय’ हे विचारा. सिप्रीच्या साइटवर प्रत्येक देशाच्या आकड्यांखाली तळटिपा आहेत. बहुतेक जण त्या वाचत नाहीत, पण माझ्या मते तक्त्याइतक्याच त्या मोलाच्या आहेत. आणि दोन देशांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच संस्थेचे घ्या. भारताचा आकडा अर्थसंकल्पातून आणि चीनचा सिप्रीतून उचलला, की त्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.

कोणत्या देशानं कोणाकडून किती शस्त्रं घेतली हे कुठे मिळतं?

पुन्हा सिप्रीच. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची शस्त्र-हस्तांतरणाची आकडेवारी १९५० पासूनची आहे आणि ती सर्वांना फुकट खुली आहे. देश निवडा, वर्षं निवडा, की कोणती विमानं, रणगाडे, युद्धनौका, क्षेपणास्त्रं कुठून आली याची यादी समोर येते. मागणी कधी नोंदवली, किती आले, परवान्याखाली देशातच किती बनले, हेही बऱ्याच नोंदींत असतं.

इथे एक मोठी चूक होते आणि ती माझ्याही हातून झाली आहे. एकदा वर्गात मी या आकड्यांचे डॉलरवरून रुपये करून फळ्यावर लिहिले. पुढच्या तासाला ते सगळं पुसून पुन्हा समजावून सांगावं लागलं. कारण सिप्रीचा हा आकडा किमतीचा नसतोच. शस्त्राची लष्करी क्षमता मोजायला त्यांनी स्वतःचं एक एकक ठरवलं आहे. मित्रदेशानं एखादी पाणबुडी सवलतीत दिली किंवा जवळपास फुकट दिली, तरी या मोजणीत तिचं वजन तेवढंच राहतं. किती पैसे गेले हे यातून कळत नाही. कोण कोणावर किती अवलंबून आहे हे मात्र फार स्वच्छ कळतं.

उदाहरणार्थ, भारताच्या आयातीत रशियाचा वाटा २०१०-१४ मध्ये ७२ टक्के होता. २०१५-१९ मध्ये तो ५५ टक्क्यांवर आणि २०२०-२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला. हे पाच-पाच वर्षांचे गट मुद्दाम केलेले आहेत. एखाद्या वर्षी दोन युद्धनौका एकदम आल्या की त्या वर्षाचा आकडा उसळतो, म्हणून एकट्या वर्षावरून निष्कर्ष काढायचा नाही. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा, ती म्हणजे यात मोठी शस्त्रास्त्रंच मोजली जातात. रायफली, पिस्तुलं यात नाहीत.

अमेरिकेकडून होणाऱ्या खरेदीसाठी तिथल्या संरक्षण सुरक्षा सहकार्य संस्थेच्या अधिसूचना पाहा. ‘इतक्या अब्ज डॉलरचा सौदा मंजूर’ अशी बातमी येते ती बहुधा याच कागदावरून. पण तो करार नसतो. आम्ही विकू इच्छितो, असं सरकारनं तिथल्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, कळवलेलं असतं, आणि त्यातली रक्कम ही कमाल अंदाज असते. एमक्यू-९बी ड्रोनचीच गोष्ट बघा. ३१ ड्रोनची अंदाजे ३.९९ अब्ज डॉलरची अधिसूचना १ फेब्रुवारी २०२४ ला निघाली, आणि प्रत्यक्ष करारावर सह्या झाल्या त्या ऑक्टोबरमध्ये.

संयुक्त राष्ट्रांत भारतानं कोणत्या बाजूनं मत दिलं, आणि का, हे कसं शोधायचं?

संयुक्त राष्ट्रांचं डिजिटल ग्रंथालय उघडा. त्यात मतदानाच्या नोंदींचा वेगळा विभाग आहे आणि प्रत्येक ठरावावर देशनिहाय मत दिसतं. २ मार्च २०२२ चा युक्रेनवरचा महासभेचा ठराव घ्या. बाजूनं १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. भारत तटस्थ होता. आता बेरीज करा, १८१ होते. सदस्य देश १९३. उरलेल्या १२ देशांनी मतच नोंदवलं नाही. तटस्थ राहणं ही सांगून-सवरून घेतलेली भूमिका असते. मत न नोंदवण्यामागे वेगळी कारणं असू शकतात, म्हणून दोन्ही एकाच रकान्यात टाकू नका.

‘का’ याचं उत्तर मतदानाच्या तक्त्यात नसतं, ते बैठकीच्या शब्दशः इतिवृत्तात असतं. सुरक्षा परिषदेच्या इतिवृत्तांवर एस/पीव्ही अशी खूण असते, ठरावांवर एस/आरईएस. २५ फेब्रुवारी २०२२ च्या युक्रेनवरच्याच बैठकीत ११ मतं ठरावाच्या बाजूनं पडली, रशियानं नकाराधिकार वापरला आणि चीन, भारत, संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले. तिघंही तटस्थ, पण मतामागची कारणं प्रत्येकानं आपापल्या शब्दांत मांडली आहेत. ती भाषणं शेजारी शेजारी ठेवून वाचा. परराष्ट्र धोरण शिकायचा याहून चांगला मार्ग मला तरी सापडलेला नाही.

आंतरराष्ट्रीय करारांचा मूळ मजकूर मिळतो का?

मिळतो. संयुक्त राष्ट्रांचा करारसंग्रह आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवरचा करारांचा विभाग, या दोन ठिकाणी बहुतेक काम होतं.

२३ एप्रिल २०२५ ला भारतानं सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कित्येकांनी मला विचारलं की असं करता येतं का. मी प्रत्येकाला आधी करारच उघडायला सांगितला. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत सही झालेल्या या कराराचं बारावं कलम अगदी छोटं आहे. दोन्ही सरकारांनी तशाच रीतीनं मंजूर केलेल्या दुसऱ्या करारानं संपुष्टात आणेपर्यंत हा करार लागू राहील, असं त्यात म्हटलंय. स्थगितीचा उल्लेख नाही. या मौनाचा अर्थ काय लावायचा यावर कायदेपंडितांचे वाद होऊ शकतात, पण कलम वाचल्यावर निदान वाद नेमका कशाचा आहे ते कळतं.

जुने गोपनीय कागद घरबसल्या वाचता येतात? १९७१ च्या युद्धाचे, उदाहरणार्थ?

येतात, आणि हा माझा सर्वांत आवडता भाग आहे.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या परराष्ट्र व्यवहाराचे कागद १८६१ पासून खंडशः प्रसिद्ध करत आलं आहे. त्यांच्या इतिहास कार्यालयाच्या साइटवर हे खंड आहेत. १९६९ ते १९७६ या मालिकेतला अकरावा खंड पूर्णपणे १९७१ च्या दक्षिण आशियातल्या पेचप्रसंगावर आहे आणि तो २००५ मध्ये बाहेर आला. त्यात ६ एप्रिल १९७१ ची ढाक्याहून गेलेली तार आहे. वॉशिंग्टनचं धोरण चुकतंय, पूर्व पाकिस्तानात चाललेल्या अत्याचारांवर आपण गप्प आहोत, असं तिथल्या २० अमेरिकन कर्मचाऱ्यांनी आपल्याच सरकारला लेखी कळवलं आणि महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ती तार पुढे पाठवली. त्याच महिन्याच्या अखेरीस सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यापुढे धोरणाचे पर्याय ठेवले, त्या टिपणावर निक्सन यांनी स्वतःच्या हातानं शेरा मारला : याह्यांवर (पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान) सध्या दबाव आणू नका. त्यातल्या ‘नका’खाली तीन वेळा रेघ ओढलेली आहे. त्या कागदाची छायाप्रत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’च्या साइटवर आहे. नाव सरकारी वाटलं तरी ही खासगी संस्था आहे, आणि माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून करून तिनं असे कागद बाहेर काढले आहेत. त्या तीन रेघा स्क्रीनवर मोठ्या करून पाहा. ढाक्यात तेव्हा काय चाललं होतं हे ठाऊक असलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो.

हे खंड वाचताना संपादकांच्या टिपा सोडू नका. मसुदा कोणी केला, प्रती कोणाकोणाला गेल्या, किती ओळी अजूनही गोपनीय म्हणून वगळल्या, सगळं तिथे असतं. आणि हा अमेरिकेच्या कपाटातला कागद आहे, याचं भान ठेवा. इंदिरा गांधींच्या मनात काय होतं हे त्यातून कळणार नाही. वॉशिंग्टनला काय वाटत होतं, तेवढंच कळेल.

मग भारताचे कागद कुठे?

इथे परिस्थिती हळहळ वाटावी अशी आहे. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारनं आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, तेवढाच लोकांनी वाचला. साठ वर्षं उलटून गेली. त्या बर्फात गेलेल्या जवानांच्या घरच्यांना तरी तो वाचायला मिळायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्धेतिहास लिहिण्याचं आणि साधारणपणे २५ वर्षांत कागद खुले करण्याचं धोरण जाहीर केलं आहे.

तरीही जे आहे ते कमी नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर परराष्ट्र खात्याच्या जुन्या फायली सापडतात. कारगिल पुनरावलोकन समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेच्या पटलावर ठेवला गेला. काही भाग गाळलेले असले तरी तो जरूर वाचा. संसदेच्या साइटवर तारांकित (तोंडी उत्तराच्या) आणि अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नांची उत्तरं आहेत, खासदाराच्या किंवा मंत्रालयाच्या नावानं ती शोधता येतात. आणि संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल तर अक्षरशः खाण आहेत. मार्च २०१८ च्या अहवालात लष्कराच्या उपप्रमुखांची साक्ष आहे. आपली ६८ टक्के सामग्री जुन्या काळातली, २४ टक्के सध्याची आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक, असं त्यांनी खासदारांना सांगितलं. असे अहवाल पडून असतात, कोणी उघडत नाही. जोडीला कॅगचे संरक्षणविषयक अहवाल आणि पत्र सूचना कार्यालयाची निवेदनं आहेतच.

युद्धात किती माणसं गेली, याचे आकडे विश्वासार्ह असतात का?

लढणाऱ्या बाजूंचे स्वतःचे आकडे एकटे कधीच वापरू नका. स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठाचा संघर्ष-माहिती प्रकल्प फुकट आहे आणि त्याच्या व्याख्या काटेकोर आहेत. वर्षात लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर तो सशस्त्र संघर्ष, १,००० झाले तर युद्ध. ‘अ‍ॅक्लेड’ हा दुसरा प्रकल्प एकेक घटना नोंदवतो, अगदी निदर्शनंसुद्धा. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. दोन्हींचे आकडे जुळणार नाहीत, कारण व्याख्याच वेगळ्या आहेत.

उपग्रहचित्रं सामान्य माणसाला मिळतात का?

हो. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातल्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोणीही फुकट पाहू शकतो, आणि एकाच जागेचं चित्र साधारण पाच दिवसांनी पुन्हा मिळतं. त्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा. म्हणजे रणगाडा ओळखू येणार नाही. नवी धावपट्टी, नवा रस्ता, बराकींच्या रांगा मात्र दिसतात. गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांची चित्रं पाहायची सोय आहे. पँगाँग सरोवरावरचा चिनी पूल जानेवारी २०२२ मध्ये उपग्रहचित्रांमुळेच लोकांसमोर आला.

नासाची ‘फर्म्स’ ही सेवा जमिनीवरची उष्णता दाखवते आणि युक्रेनमधल्या तोफगोळ्यांच्या आगी शोधायला तिचा उपयोग झाला. पण पंजाबात शेतकऱ्यांनी पराली जाळली तरी तसेच लाल ठिपके उमटतात. ठिपका दिसला म्हणजे हल्ला झाला, असं धरू नका.

विदेशी नकाशे वापरताना जम्मू-काश्मीर, अक्साई चीन आणि अरुणाचलच्या सीमा नीट तपासा. प्रबंधात किंवा लेखात छापायचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचाच घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला युद्धाचा व्हिडिओ खरा की खोटा, कसं ओळखायचं?

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत संगणकावरच्या खेळातली दृश्यं खऱ्या हवाई लढाईची म्हणून घराघरात फिरली. पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकला ती एकेक करून खोडून काढावी लागली.

व्हिडिओतलं एखादं स्थिर चित्र घ्या आणि गूगल लेन्स, यांडेक्स, टिनआय अशा दोन-तीन ठिकाणी उलट शोध घ्या, म्हणजे चित्र देऊन ते आधी कुठे आलं होतं ते शोधा. तेच दृश्य दोन वर्षांपूर्वीच्या तारखेनं सापडलं तर विषय संपला. नाही सापडलं तर पाट्या, मिनार, डोंगराची रेघ, सावलीची दिशा पाहा आणि उपग्रहचित्राशी ताडून बघा. बेलिंगकॅट या गटानं हेच काम चिकाटीनं केलं. १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर मलेशियाचं एमएच-१७ हे प्रवासी विमान पाडलं गेलं आणि २९८ जण मृत्युमुखी पडले. रस्त्यावरच्या लोकांनी सहज काढलेल्या फोटोंवरून त्यांनी ‘बुक’ या विमानभेदी क्षेपणास्त्राच्या वाहनाचा माग काढत तो रशियाच्या ५३ व्या ब्रिगेडपर्यंत नेला. पुढे आंतरराष्ट्रीय तपास पथकही त्याच निष्कर्षाला आलं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये डच न्यायालयानं तिघांना त्यांच्या अनुपस्थितीत दोषी ठरवलं.

थिंक टँकच्या, म्हणजे धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्थांच्या, अहवालांवर विश्वास ठेवावा का?

वाचावेत, पण पैसा कोणाचा हे आधी बघून. दिल्लीची मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था १९६५ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना उभी राहिली. २०२० मध्ये तिला गोव्याच्या पर्रीकरांचं नाव मिळालं. तिला संरक्षण मंत्रालयाचा निधी मिळतो. म्हणून तिचं लेखन टाकाऊ ठरत नाही, उलट सरकारी विचाराची दिशा समजायला ते उत्तम आहे. मुंबईचं गेटवे हाउस, लंडनची आयआयएसएस, ब्रसेल्सचा क्रायसिस ग्रुप यांच्या साइटवरही ‘आमच्याविषयी’ हे पान आधी उघडा.

पैसे न भरता शोधनिबंध कुठे मिळतील?

जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट खातं उघडून दरमहा १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. सरकारी विद्यापीठात किंवा महाविद्यालयात असाल तर जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल ग्रंथपालांना विचारा, सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. भारतीय प्रबंध ‘शोधगंगा’ या पोर्टलवर मिळतील.

मराठीत काही आहे का?

मराठी विश्वकोशाच्या साइटवर सामरिकशास्त्र आणि राष्ट्रीय सुरक्षा या विषयाचं स्वतंत्र ज्ञानमंडळ आहे. संज्ञा पक्क्या करायला तिथून सुरुवात करा. त्यापुढे इंग्रजीला पर्याय नाही, ही खंत आहे.

एआयला विचारलं तर चालेल का?

रशियन किंवा चिनी निवेदनाचं ढोबळ भाषांतर करून घ्यायला चालेल. संदर्भ मागू नका. अस्तित्वात नसलेल्या अहवालांची नावं पृष्ठक्रमांकासह आलेली मी पाहिली आहेत.

ही माहिती शोधणं कायद्यानं गुन्हा तर नाही ना?

प्रसिद्ध झालेले कागद वाचणं, त्यांचा अभ्यास करणं यात काहीच गैर नाही. पण १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू आहे. लष्करी तळांचे फोटो काढणं, तुकड्यांच्या हालचाली टाकणं, ओळखीच्या जवानाकडून नेमणुकीची जागा काढून घेणं, हे अजिबात करू नका. २६/११ ला मुंबईत ताज आणि नरिमन हाउसवरची कारवाई वाहिन्यांनी थेट दाखवली आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ती बघून अतिरेक्यांना सूचना देत होते. कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं यावर कडक ताशेरे ओढले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं अशा थेट प्रक्षेपणाविरुद्ध पुन्हा सूचना काढली. तुमच्या गावाजवळून लष्कराचा ताफा जात असेल, तर मोबाइल खिशातच राहू द्या.

सापडलेला कागद उद्या साइटवरून नाहीसा झाला तर?

होतो. सरकार बदललं, साइट नवी झाली, की जुने दुवे मरतात. म्हणून पान सापडल्याबरोबर पीडीएफ उतरवून घ्या आणि वेबॅक मशीन या वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर त्याची प्रत साठवा, त्या प्रतीला कायमचा पत्ता मिळतो. फाइलला नाव देताना आधी तारीख, मग संस्था, मग विषय असं लिहा. सोबत एका वहीत किंवा एक्सेलमध्ये कधी पाहिलं, कोणत्या पानावरची ओळ घेतली आणि आकडा असेल तर त्यात काय धरलंय, हे त्याच दिवशी टिपून ठेवा.